मुंबई ते ऑकलंड : थेट विमान नाही

५ मे, शुक्रवार

नलिनीताई जाणार. मी नाही!

विहारातून येऊन खीर ढवळत होते. बुद्धपौर्णिमा. तेवढ्यात तेजलचा व्हिडिओ कॉल. पोट आता चांगलं दिसतं, सातवा लागलाय. मी विचारलं, बीपी किती? "सगळं नॉर्मल आहे गं. आणि ऐक ना, सर्वेशच्या आई येतायत डिलिव्हरीला. जुलैच्या पहिल्या आठवड्यात. तिकीट बघतोय."

मी म्हटलं, बरं.

दुसरं काय म्हणणार? ती पुढं काहीतरी बोलणार होती, पण ह्यांनी मागून येऊन फोन घेतला — काय म्हणतंय ऑकलंड, थंडी पडली का? मग जावयाशी गप्पा. खीर खाली लागली.

तेहतीस वर्षं म्युनिसिपालिटीच्या प्रसूतिगृहात काढली मी. लेबर रूमची सिस्टर. आमच्या घाटकोपरच्या अर्ध्या असल्फ्याची पोरं पहिल्यांदा माझ्या हातात रडलीत. बाजारात अजून बायका थांबवतात, सिस्टर, हा बघा तुमचा, दहावीला गेला. आणि माझ्या एकुलत्या एक पोरीच्या बाळंतपणाला कोण? तर नलिनीताई! स्वतःचा सर्वेश सोडला तर जिनं कुणाचं बाळंतपण बघितलेलं नाही, ती.

६ मे

मोबाइलवर विचारलं, मुंबई ते ऑकलंड किती लांब. बारा हजार तीनशे किलोमीटर, सरळ रेषेत. विमानाला साधारण चौदा-पंधरा तास. आणि खाली बारीक अक्षरात — थेट विमान नाही!

मग तास कसले सांगता? जे विमान उडतच नाही त्याचे?

खरा हिशोब असा : मुंबई–सिंगापूर साडेपाच तास. तिथं तीन-साडेतीन तास बसायचं. मग सिंगापूर–ऑकलंड पावणेदहा तास. घरापासून घरापर्यंत धरलं तर पुरं एक दिवस आणि वर थोडं. मी डबल ड्यूटी चोवीस तास उभ्यानं केलेली आहे. इथं तर बसायचंच होतं.

९ मे

हे म्हणाले, "एवढं काय मनाला लावून घेतेस? सासूचा मान असतो."

बाळंतपण माहेरचं असतं, हे ह्यांना कुणी सांगितलं नाही वाटतं.

फेब्रुवारीत पासपोर्ट करून घेतला होता. तेजलला सांगितलं नाही — म्हटलं, ती ये म्हणाली की पटकन दाखवीन. फक्त ह्यांना माहीत. पोलीस चौकशीला आला तेव्हा ह्यांनीच चहा दिला त्याला. आता तो पासपोर्ट कपाटात साड्यांखाली आहे, एकही शिक्का नाही.

मी स्वतःहून विचारणार नाही. का विचारू? आई आहे मी तिची. मला बोलवायला काय झालं होतं?

१४ मे, रविवार

आज दिवसभर एकच डोक्यात. लग्न.

डिसेंबर २०१९. रजिस्टर करून मग विहारात विधी. नलिनीताई उशिरा आल्या, मागच्या रांगेत बसल्या. तांबडी काठाची साडी, तोंड असं की कुणाच्या मयताला आल्यात. जेवल्या नाहीत. उपास आहे म्हणाल्या. बुधवारी कसला उपास? आम्हाला कळत नाही का? आमच्या नणदेनं कानात सांगितलं, वहिनी, ह्यांना आपलं पाणी नको असेल. मी म्हटलं, गप्प बस, पोरीचा दिवस आहे.

सहा महिने तेजलला त्यांनी मुलुंडच्या घरी बोलावलं नव्हतं. सर्वेश वेगळा राहिला तिच्यासाठी, पोरगा खरंच चांगला. मग कोविड, मग हळूहळू ये-जा, मग दोघं ऑकलंडला.

आणि आता त्याच बाईला तेजल "आई येतायत" म्हणते! सर्वेशच्या आई नाही — आज फोनवर नुसतं "आई". मला वाटलं मलाच म्हणतेय. दोन मिनिटं मी भलत्याच आनंदात होते.

१५ मे

घाटकोपर ते मुलुंड अकरा किलोमीटर. चार वर्षांत आम्ही विहिणी चार वेळा भेटलो.

२३ मे

तिकीट झालं. ६ जुलै, गुरुवार, दुपारी एक दहाचं विमान. सर्वेशचा फोन — "आई, आमची आई मेसेज कधी बघतच नाही, फोन अर्धा वेळ बंद असतो तिचा. म्हणून तिकिटावर इंडियाचा नंबर तुमचा दिलाय. चालेल ना?"

चालेल म्हटलं. न चालायला काय? जाणारी ती, आणि टपालखातं मी.

२८ मे

नलिनीताईंचा फोन! स्वतःहून! आयुष्यात पहिल्यांदा.

"माधुरीताई, एक विचारू? रागावणार नाही ना? मला बाळाचं काहीच येत नाही. सर्वेशच्या वेळी सगळं माझ्या सासूनं केलं. मी नुसती निजून होते. तुम्ही शिकवाल?"

मी गॅस बंद केला. मग म्हणाल्या, "तुमच्याशिवाय कोणाला विचारणार?"

रविवारी या म्हटलं. फोन ठेवल्यावर ओटा दोनदा पुसला. राग की काय, माहीत नाही. माझ्या नातवंडाला कसं धरायचं ते मी शिकवायचं, आणि धरणार ती!

ह्यांना सांगितलं तर हसले. "झकास! म्हणजे तूच जातेस की एका प्रकारे."

ह्या माणसाशी बोलण्यात अर्थ नाही.

४ जून, रविवार

आल्या. रिक्षातून उतरून जिना चढताना धापा टाकत होत्या. त्रेसष्ट वय, गुडघे गेलेले. आणि म्हणे ऑकलंड! हातात आंब्यांची पेटी. देवगडचे, भावाच्या बागेतले.

तूरडाळीची तीन किलोची पिशवी टॉवेलात गुंडाळली. बरोबर बाळाएवढं वजन. म्हटलं, धरा. त्यांनी धरली ती वाण्याकडून आणल्यासारखी, पोटाशी! म्हटलं, मान, नलिनीताई, मान! मानेखाली हात. परत. परत. मी वॉर्डात शिकाऊ पोरींवर ओरडायची तशी ओरडले. त्या एका शब्दानं उलट बोलल्या नाहीत. नुसतं "असं का?" "आता बरोबर?"

आंघोळ, नाळ कोरडी ठेवणं, दुपट्यात गुंडाळणं. तेल किती कोमट ते मनगटावर घालून दाखवलं. दूध पाजल्यावर खांद्यावर घेऊन ढेकर काढायची ते मात्र सांगितलं नाही.

विसरले नव्हते. मुद्दाम. माहीत असून गिळलं. म्हटलं, बाळ रडेल, तेजल फोन करील, आई, काय करू गं? आणि मी सांगीन.

त्या खाली उतरल्या आणि मला स्वतःची शिसारी आली. जिन्यात धावत जाऊन हाक मारली. "नलिनीताई! ढेकर राहिली!" त्यांना वाटलं त्यांचं काहीतरी राहिलं. मग उन्हात, जिन्याच्या दारात, हवेतच खांद्यावर बाळ घेऊन दाखवलं. समोरचा इस्त्रीवाला बघत राहिला.

११ जून

दुसरा धडा. आज डाळीची पिशवी नीट धरली. मान सांभाळून. मीच म्हटलं, आता बरोबर. त्यांचा चेहरा काय फुलला! आणि माझं आत काहीतरी कुरतडायला लागलं. चांगली शिकते आहे बाई.

दीड वाजला. भाकरी आणि सुकटीची चटणी केली होती. मी विचारलं नाही. नुसतं दोन ताटं घेतली आणि ह्यांचं तिसरं. बघू काय करते म्हटलं.

बसल्या. जेवल्या. दुसरी भाकरी मागून घेतली. "सुकट अशी आमच्या मालवणात पण नाय," म्हणाल्या. मग हात धुताना, माझ्याकडे न बघता, "लग्नात जेवलंय नाय मी. जावा, नणंदा सगळ्या बघत होत्या. भिया वाटला त्यांचा. ता माका अजून खाता."

मी नळ बंद केला. म्हटलं, टॉवेल तिकडं आहे.

बरं वाटायला हवं होतं ना? चार वर्षं वाट बघितली ह्या वाक्याची. पण मला वाटत राहिलं — ही चांगली निघाली तर मी राग कुणावर धरू?

१२ जून

ह्यांचं इन्सुलिन संपत आलं, दोन वाइल आणून ठेवल्या. सकाळ-संध्याकाळ मीच देते, नऊ वर्षं झाली. रिफायनरीत तीस वर्षं काढलेला माणूस, सुई दिसली की डोळे मिटून घेतो. कितीदा म्हटलं, शिकून घ्या. "तू आहेस ना."

१८ जून

तेजलशी बोलले. तिकडं संध्याकाळ, हीटर लावून बसली होती. साडेसहा तास पुढं आहेत ते. माझी सकाळ सुरू होते तेव्हा तिची दुपार झालेली असते.

मी म्हटलं, नलिनीताई छान शिकल्या हो. ती म्हणाली, "हो, त्या सांगत होत्या. म्हणाल्या तू लई कडक आहेस." हसली. मग हसू गेलं. "आई, तू… जाऊ दे."

काय जाऊ दे?

काही नाही, म्हणाली. मिडवाइफ येतेय उद्या घरी. तिकडं सगळं मिडवाइफच करते म्हणे, डॉक्टर लागला तरच. म्हणजे माझंच काम, फक्त गोरी बाई करते.

फोन ठेवला. तिला माझी गरज नाही. सासूला ये म्हणते, परक्या मिडवाइफला घरात घेते, आणि मला "जाऊ दे".

२५ जून

दुपटी शिवली. माझ्या जुन्या सुती साड्यांची, बारा. ड्यूटीवर नेसायच्या त्या पांढऱ्या पण त्यात आहेत. किती वेळा धुतलेलं कापड, लोण्यासारखं मऊ. नलिनीताई येऊन घेऊन गेल्या. वेगळ्या पिशवीत. "ही हातातच ठेवीन," म्हणाल्या.

चला. मी नाही तर माझ्या साड्या तरी जातील बारा हजार किलोमीटर.

१ जुलै, शनिवार

दुपारी मेसेज आला. विमान कंपनीचा. ६ जुलैच्या विमानाची वेळ बदलली आहे. दुपारी एक दहाऐवजी सकाळी दहा वीस. गैरसोयीबद्दल क्षमस्व.

दोनदा वाचला. मोबाइल उलटा ठेवला. भाजी चिरत बसले.

२ जुलै

सांगितलं नाही अजून. सर्वेशला मेल गेलाच असेल. तोच सांगेल.

३ जुलै

सर्वेशनं सांगितलं असेल.

४ जुलै

खोटं कशाला लिहू? इथं तर कुणी वाचत नाही.

सर्वेशला माहीत नाही. काल बोलला तेव्हा म्हणाला, आई साडेआठला निघेल, दहापर्यंत पोचेल, आरामात. मी ऐकत होते. म्हटलं, हो हो, आरामात.

दहाला पोचली तर काउंटर बंद झालेला असणार. विमान चुकेल. पुढचं तिकीट लगेच मिळेलच असं नाही. आठवडा जाईल. दहा दिवस. मग तेजल म्हणेल — पुढचं लिहवत नाही. पण रोज भांडी घासताना पुढचंच बघते मी. विमानतळावर मी. हातात दुपट्यांची पिशवी.

आमच्या छपरावरून विमानं चाकं काढून उतरतात, दर दोन-तीन मिनिटाला. इतकी वर्षं ऐकूच येत नव्हती. आता एकेक ऐकू येतं.

५ जुलै

संध्याकाळी नलिनीताईंचा फोन. निरोप घ्यायला. "उद्या निलेश येतोय गाडी घेऊन, माझा भाचा. साडेआठला निघू. भिया वाटता वो, माधुरीताई. त्या सिंगापूरला हरवले तर?" मी म्हटलं, व्हीलचेअर सांगितलीय ना, ते माणूस देतात, हात धरून नेतात. त्या म्हणाल्या, "तुमी इतक्या धीरानं बोलता. तेजल नशीबवान."

तेव्हा सांगायचं होतं. एक वाक्य. तोंड उघडलं आणि म्हटलं, सांभाळून जा.

६ जुलै, गुरुवार

सगळं लिहिते.

पाचला उठून बसले. डोळ्यासमोर नलिनीताई नाही, तेजल आली. दिवस भरत आलेली, जड, घरात एकटी, सर्वेश कामावर. मी लेबर रूममध्ये किती बघितल्यात अशा, बरोबर कुणी नसलेल्या. दाराकडे बघत राहतात. कळ आली तरी नजर दारावर. आणि मी माझ्या पोरीला तसं ठेवणार होते!

फोन लावला. बंद. परत लावला. बंद! सर्वेशला लावला. वाजत राहिला, उचलला नाही. मग चप्पल घातली आणि निघाले. ह्यांना उठवलं पण नाही.

रिक्षावाल्याला म्हटलं, मुलुंड ईस्ट, हाण. सहा चाळीसला दारात. नलिनीताई तुळशीला पाणी घालत होत्या, केस ओले, अंगावर घरातली साडी. मला बघून घाबरल्या. "तेजल बरी आहे ना?"

पहिलं तेच विचारलं त्यांनी.

मी म्हटलं, विमानाची वेळ बदललीय. दहा वीसला उडतंय. आत्ता मेसेज आला. आत्ता! पाच दिवस उशाशी घेऊन झोपलेला मेसेज, आत्ता आला.

वाट लागली सगळी. त्यांना काही सुचेना. साडी नेसताना निऱ्या सुटत होत्या, मी बसून घातल्या. औषधं, पासपोर्ट, चष्मा. निलेशला फोन केला तर तो कल्याणला, अजून निघालाच नव्हता. मी खाली जाऊन टॅक्सी पकडली. साडेसातला निघालो. हायवेपर्यंत ठीक, पवईला गाड्या जागच्या जागी. नलिनीताई डोळे मिटून ओठ हलवत होत्या. मी घड्याळ बघत होते. आठ दहा. आठ वीस. टॅक्सीवाला म्हणाला, "मौशी, घाबरू नका, पोचवतो." मी त्याच्यावर ओरडले. का, माहीत नाही.

आठ त्रेपन्नला पोचलो. व्हीलचेअरवाला आला, मी अर्ध्या वाक्यात समजावलं. मला आत सोडत नाहीत. दारावर नलिनीताईंनी माझे दोन्ही हात धरले. भर विमानतळावर, आपल्या कपाळाला लावले. "तुमी होतात म्हणान झाला सगळा. तुमचे उपकार कसे फेडू?"

मी हात सोडवून घेतले.

काचेतून दिसत होत्या थोडा वेळ. खुर्चीत ताठ बसलेल्या, मांडीवर पर्स. मग वळल्या.

घरी आले तर अकरा. हे फुगून बसलेले. "न सांगता गेलीस? सकाळपासून उपाशी आहे. माझी सुई कोण देणार?"

दिली.

६ जुलै, दुपारी

मोबाइलवर विमान दिसतं! नकाशावर छोटं, पिवळं. ताशी आठशे नव्वद. चेन्नई ओलांडलं, समुद्रावर आहे. त्यात नलिनीताई आहेत. मी सारखी बघतेय. इतका वेळ मी कुणाची वाट बघितलेली नाही, त्या बाईसाठी बघतेय.

७ जुलै

पोचल्या. पहाटे पावणेपाचला आपले, तिकडचे सव्वाअकरा. तेजल आणि त्या, दोघींचा फोटो. तेजलनं गळ्यात हात टाकलाय.

नलिनीताई फोनवर रडायला लागल्या. मला वाटलं, प्रवासाचं. "माधुरीताई, दुपट्यांची पिशवी दारातच राहिली. घाईत. मुलुंडला. मी हातात ठेवीन म्हटलं होतं."

मी म्हटलं, असू दे. तिकडं मिळतात.

असू दे काय? ती घाई माझ्यामुळे. मीच ठेवली ती तिथं. माझ्या ह्या हातांनी.

१५ जुलै

काही नाही. फोटो येतात. नलिनीताईंनी तिकडच्या थंडीत घावणे केले. तेजल खातेय.

२४ जुलै, सोमवार

मुलगी! तीन किलो शंभर. नॉर्मल. तेजल बरी आहे. तिकडं दुपारी सव्वातीनला, आपल्याकडे पावणेनऊ. मी ह्यांना नाश्ता वाढत होते.

सर्वेशनं सांगितलं, शेवटी शेवटी तेजलनं नलिनीताईंचा हात इतका आवळला की बांगडी वाकली.

बांगडी! माझ्या हातात तर काही नसायचंच. ड्यूटीवर चालत नाही.

आनंद झालाय. खरंच झालाय. पेढे वाटले सगळ्या मजल्यावर. मग बाथरूममध्ये नळ सोडून रडले. एवढ्या पोरी मोकळ्या केल्या ह्या हातांनी, आणि माझीच पोर कुणा दुसरीची बांगडी वाकवते.

२६ जुलै

व्हिडिओ. नलिनीताईंनी बाळ धरलं होतं. मानेखाली हात, कोपरात डोकं, अगदी मी दाखवलं तसं. दूध पिऊन झाल्यावर खांद्यावर घेतलं, पाठीवर हात फिरवला. ढेकर आली! इथपर्यंत ऐकू आली. नलिनीताई कॅमेऱ्याकडे बघून म्हणाल्या, "बघा सिस्टर, पास का?"

पास, म्हटलं.

आणि त्याच क्षणी ठरवलं. सांगून टाकायचं. एवढं विश्वासाचं तोंड मला रोज बघवणार नाही.

३० जुलै, रविवार

सांगितलं.

तेजल झोपली होती, सर्वेश बाहेर. नलिनीताईंना म्हटलं, दुसऱ्या खोलीत जा. मग सगळं. मेसेज एक तारखेला आला होता. पाच दिवस दाबला. तुमचं विमान चुकावं म्हणून. तुमच्या जागी मला जायचं होतं म्हणून. जळत होते तुमच्यावर, मे महिन्यापासून. माझी पोर माझ्याआधी तुम्हाला बोलावते, हे सहन झालं नाही.

मला वाटलं लाइन गेली. हॅलो म्हटलं. त्यांनी फोन ठेवला.

१ ऑगस्ट

फोन नाही. फोटो नाही.

ह्यांनी विचारलं, भांडलात का दोघी? मी म्हटलं, माझंच चुकलं. "तरी सांगत होतो, नको ते डोक्यात घेऊ नकोस," म्हणाले आणि पेपर उघडला.

३ ऑगस्ट

तेजलला कळलं असेल. आता मला ती बाळ दाखवणार पण नाही. बरोबर आहे तिचं.

५ ऑगस्ट, शनिवार

नलिनीताईंचा फोन. मेसेजबद्दल एक शब्द नाही. आवाज बारीक. "माधुरीताई, माका एक सांगा. मार्चमध्ये तुमी नाय कित्याक म्हटलात?"

मी? कशाला नाही म्हटलं?

"तेजल काल रडत होती. आईनं यायला नाय सांगितल्यान, म्हणान मग मला बोलवल्यान. मी आपलं तुमचं ऐकून गप्प बसले होते, पण जुळेना काय ते."

मग त्यांनी सगळं सांगितलं. तेजलनं मार्चमध्ये बाबांना फोन केला होता. मी दळण आणायला गेले होते तेव्हा. आईला विचारून सांगा, येईल का. दुसऱ्या दिवशी ह्यांनी कळवलं — विचारलं, ती नको म्हणते, झेपणार नाही तिला. तू विषय काढू नकोस, तिला वाईट वाटतं.

आत गेले. हे टीव्ही बघत होते. विचारलं. आवाज कमी केला, बंद नाही. "मग? तीन महिने मी काय करणार होतो इथं? माझं कोण बघणार होतं?"

कपाट उघडलं. पासपोर्ट काढला आणि नाक्यावरच्या ट्रॅव्हल्सच्या ऑफिसात गेले. श्रुतिका नावाची मुलगी होती काउंटरला. म्हणाली, व्हिसाला वेळ लागेल, फॉर्म आजच भरू. एकट्याच जाणार का? एकटीच, म्हटलं.

"परतीची तारीख कुठली टाकू, काकी?"

ते अजून सांगितलेलं नाही.